बॉस, आपला गेम चोरीला जातोय!

२१४ आणि ३१०४.

हे दोन आकडे जरा लक्षात ठेवा मंडळी. एरवी मी इथं पाणीपुरवठा, रस्ते, नगरपालिकेच्या सभा यांवर लिहितो. आज एका कॉम्प्युटर गेमवर लिहितोय. "सर, हे काय मध्येच?" असं वाटेल, पण पोस्ट पूर्ण वाचा. विषय फिरून आपल्याच एसटी स्टँडवर येणार आहे.

गेमचं नाव आहे गेम डेव्ह टायकून. माझा पुतण्या पॉलिटेक्निकला आहे, त्याच्यामुळे मला तो कळला. दिवाळीच्या सुट्टीत पठ्ठ्या दिवसभर लॅपटॉपला चिकटलेला. मला वाटलं, गोळीबाराचं काहीतरी असेल. जवळ जाऊन बघतो तर हा पगार वाटत होता! स्क्रीनवर एक ऑफिस, चार टेबलं, मान खाली घालून काम करणारी माणसं आणि वर शिल्लक रकमेचा आकडा.

"हे काय रे?"

"काका, मी गेम बनवणाऱ्या कंपनीचा मालक आहे."

म्हणजे गेम बनवण्याचा गेम. १९८० च्या दशकात एका गॅरेजमध्ये तुम्ही एकटे सुरुवात करता. विषय निवडायचा, प्रकार निवडायचा, कुठल्या मशीनसाठी करायचा ते ठरवायचं. मग कथेला किती वेळ, चित्रांना किती, आवाजाला किती याचं वाटप करायचं. एकाचा वेळ वाढवला की दुसऱ्याचा कमी होतो. गेम बाजारात गेला की चार समीक्षक दहापैकी गुण देतात, त्यावर खप ठरतो. पैसे साठले की गॅरेज सोडून ऑफिस घ्यायचं, माणसं ठेवायची, पुढचा गेम. असा तीस-पस्तीस वर्षांचा धंदा तुम्ही काही तासांत करता. खऱ्या कंपन्यांची नावं थोडी वाकडी करून घेतलीत. निन्टेन्डोचं निन्व्हेंटो, सोनीचं व्हॉनी, मायक्रोसॉफ्टचं मायक्रोनॉफ्ट. जुनी मशीन पाहिलेली माणसं ही नावं वाचून खूश होतात.

हा गेम बनवला पॅट्रिक आणि डॅनियल क्लुग या दोन भावांनी. २०१२ साली त्यांनी ग्रीनहार्ट गेम्स नावाची छोटी कंपनी काढली आणि हा त्यांचा पहिलाच गेम.

आता पत्रकाराला खोड असते. वस्तूपेक्षा वस्तूबद्दल लोक काय बोलतात, त्यातच त्याला जास्त रस. मी गेम फारसा खेळलो नाही. पण खेळणाऱ्यांची मतं मात्र महिनाभर रोज रात्री वाचत बसलो. बायको म्हणाली, "निवडणुकीचे निकाल असल्यासारखे वाचताय."

बहुतेक मतं कौतुकाचीच आहेत. सोपा आहे, लगेच कळतो, "एवढा एक गेम संपवून उठतो" म्हणता म्हणता रात्रीचे दोन वाजतात. कित्येकांनी लिहिलंय की गेम बनवायला किती गोष्टींचा मेळ घालावा लागतो, याची जाणीव त्यांना यामुळे पहिल्यांदा झाली.

तक्रारीही भरपूर आहेत. पहिली तक्रार नक्कलेची. काइरोसॉफ्ट नावाच्या जपानी कंपनीचा गेम डेव्ह स्टोरी हा याच कल्पनेवरचा गेम आधीपासून होता आणि २०१० मध्ये मोबाइलवर आल्यावर बराच गाजला. क्लुग बंधूंनी त्यातून प्रेरणा घेतल्याचं लपवलेलं नाही. तरी काहींच्या मते ही प्रेरणा जरा जास्तच झाली. दुसऱ्यांचं म्हणणं, कल्पना जुनी असली तरी मांडणी स्वतःची आहे. आपल्याकडे एखाद्या चौकात एक वडापाववाला चालला की शेजारी दुसरा उभा राहतो, तेव्हा होते तशीच ही चर्चा.

दुसरी तक्रार गुणांची. ही मला सगळ्यात मजेदार वाटली. तुमच्या गेमला मिळणारे गुण बाजारातल्या इतरांशी तुलना करून ठरत नाहीत. ते ठरतात तुमच्याच आधीच्या सगळ्यात चांगल्या गेमशी तुलना करून. म्हणजे एकदा तुम्ही फार भारी काम केलंत, की पुढच्या वेळी तेवढंच भारी काम साधारण ठरतं. पुतण्या वैतागून ओरडत होता, "काका, मागच्या वेळी नऊ दिले, आता तसाच केला तर पाच!" खेळणाऱ्यांचा राग असा की हे कुणी सांगतच नाही. धडपडत शिकावं लागतं, नाहीतर दुसऱ्यांनी काढलेले तक्ते बघून आकडे भरावे लागतात. आणि तक्ते बघून खेळलं की मजा जाते, मग उरते ती कारकुनी. काही मुरलेले खेळाडू तर नवख्यांना सल्ला देतात की सुरुवातीलाच एकदम उंच उडी मारू नका, पुढे स्वतःलाच गाठता येणार नाही.

ही तक्रार वाचून मला हसू आलं, कारण फेसबुकवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट ठाऊक आहे. एक पोस्ट गाजली की पुढच्या दहा पडल्यासारख्या वाटतात.

तिसरी तक्रार माणसांबद्दलची. या गेममध्ये कामावर ठेवलेला माणूस म्हणजे चार आकडे. डिझाइन किती, तंत्र किती, वेग किती, संशोधन किती. थकला की सुट्टीवर पाठवायचं, आला की पुन्हा टेबलावर. खऱ्या कंपनीत रात्र-रात्र जागून काम करणाऱ्यांचं जगणं यात येत नाही, असं काहीजण म्हणतात आणि ते बरोबर आहे. पण मी आणखी एक पाहिलं. या गेममध्ये गिऱ्हाईकसुद्धा आकडाच आहे. अमुक हजार प्रती खपल्या, बस. कोण घेतो, का घेतो, का घेत नाही, हे मालकाच्या खुर्चीवरून दिसत नाही.

तर आता त्या दोन आकड्यांकडे येतो.

एप्रिल २०१३ मध्ये क्लुग बंधूंनी गेम स्वतःच्या वेबसाइटवर विकायला काढला. किंमत आठ डॉलरच्या आसपास. कुलूप नाही, पासवर्डची भानगड नाही, एकदा घेतला की तुमचा. आणि त्याच दिवशी त्यांनी एक उद्योग केला. फुकट डाउनलोड करणारे लोक जिथं जातात, तिथं आपल्याच गेमची 'क्रॅक केलेली' कॉपी आपल्याच हातानं टाकून दिली. दिसायला हुबेहूब तीच. फरक एकच. काही वेळ खेळून झाला, कंपनी जरा रांगेला लागली की स्क्रीनवर निरोप येतो. त्याचा आशय असा: बॉस, आपला नवा गेम खूप लोक खेळतायत, पण विकत न घेता चोरून खेळतायत, असंच चाललं तर आपण बुडणार. आणि मग ती कंपनी खरंच बुडायला लागते. गेम कितीही चांगला करा, समीक्षकांनी नऊ-नऊ गुण देऊ देत, शिल्लक खालीच जाते.

पहिल्या दिवसाअखेर त्यांनी हिशोब जाहीर केला. विकत घेऊन खेळणारे २१४. फुकट कॉपीवर खेळणारे किमान ३१०४. म्हणजे शंभरात जवळजवळ चौऱ्याण्णव.

खरी गंमत यापुढे आहे. ज्यांनी फुकट कॉपी घेतली होती, त्यांतलेच काही लोक मदत मागायला आले. आपल्या कंपनीचे गेम लोक इतके का चोरतात, हे त्यांना कळेना. एकाला हवं होतं की गेममध्ये चोरी रोखणाऱ्या कुलपाचं संशोधन करता येईल का. एकजण म्हणत होता, या चोरांनी माझं वाटोळं केलं! चोरून आणलेल्या गेममध्ये बसून चोरांवर चिडलेली माणसं. जगभर बातमी झाली, लोक पोट धरून हसले.

मीही हसलो. पण नंतर जाणवलं की ही माणसं ढोंगी नव्हती, त्यांचा राग खरा होता. चार तास मालकाच्या खुर्चीवर बसल्याबरोबर त्यांना मालकाचं दुखणं दुखायला लागलं. सकाळी ती गिऱ्हाईक होती तेव्हा 'एका कॉपीनं काय फरक पडतो' हे त्यांना पटलेलं होतं. संध्याकाळी मालक झाल्यावर तीच एक-एक कॉपी मोजायला लागली. माणूस तोच, दिवस तोच, फक्त खुर्ची बदलली.

आता दुसरी बाजू, कारण ती न सांगता पुढं गेलो तर मी पत्रकार कसला. या प्रकारावर त्या वेळीही बऱ्याच खेळाडूंनी आक्षेप घेतले. एक, हा चोरांना धडा नव्हता, फुकटची जाहिरात होती. तोवर हा गेम किती जणांना माहीत होता? दोन, ३१०४ जणांनी फुकट घेतला म्हणजे ३१०४ गिऱ्हाइकं गेली असं होत नाही. त्यांतल्या अनेकांनी पैसे देऊन घेतलाच नसता. तीन, ज्या देशांत आठ डॉलर म्हणजे मोठी रक्कम आहे, किंवा ऑनलाइन पैसे भरायची सोयच नाही, तिथल्या पोरांनी काय करायचं?

हा तिसरा मुद्दा मला नीट कळतो. २०१३ साली आठ डॉलर म्हणजे आपले सव्वाचारशेच्या वर रुपये. परदेशी वेबसाइटवर चालणारं कार्ड आपल्या गावात किती जणांकडे होतं? चौकात गेमची सीडी पन्नास रुपयांत मिळायची. खरी कुठं मिळते हे विकणाऱ्यालाही माहीत नसायचं.

म्हणून मी त्या ३१०४ जणांना सरसकट चोर म्हणणार नाही. पण भावांनी त्यावेळी एक इशारा दिला होता, तो मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. त्यांच्या म्हणण्याचा मतितार्थ असा की छोट्या माणसानं बनवलेला साधा गेम तुम्ही विकत घेतला नाहीत, तर उद्या असे गेमच राहणार नाहीत. उरतील ते तुमच्या खिशातून जरा जरा करून पैसे काढणारे.

आज मुलांच्या मोबाइलवर नजर टाका. गेम फुकट. पण दर दोन मिनिटांनी जाहिरात, आणि पुढं जायचं तर हिरे घ्या, नाणी घ्या. हे सगळं काही चोरीमुळेच झालं असं मी म्हणत नाही, त्याला कारणं अनेक आहेत. पण एक साधा नियम त्यातून दिसतो. वस्तू फुकट झाली म्हणून तिचा खर्च नाहीसा होत नाही. वापरणारा देत नसेल तर दुसरा कोणीतरी देतो. आणि जो देतो, वस्तू त्याच्या मनासारखी होत जाते.

चला, आता एसटी स्टँडवर.

मी ज्या दैनिकाला बातम्या देतो, त्याचं नाव इथं घेत नाही. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन किती मिळतं हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, कारण तुम्हीच मला विचारता, "सर, घर कसं चालतं?" दिवाळीत, नेत्यांच्या वाढदिवसाला, निवडणुकीच्या आधी जाहिराती गोळा करणं हाही त्याच कामाचा भाग. पत्रकारितेच्या पदविकेत हा विषय नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात मी जलशुद्धीकरण केंद्रातली तुरटी संपल्याची बातमी दिली होती. तीन दिवस चकरा मारल्या, नोंदवही बघितली, दोन कर्मचाऱ्यांना बोलतं केलं, मग छापली. सकाळी सहाला त्या पानाची पीडीएफ गावातल्या सगळ्या ग्रुपवर फिरत होती. अंगठे, हात जोडलेले, "जबरदस्त सर", "असा पत्रकार पाहिजे". आठ वाजेपर्यंत माझ्याच मोबाइलवर ती अकरा वेळा परत आली.

दहा वाजता स्टँडवर गेलो. पेपर विकणारे मामा म्हणाले, "सर, बातमी लई गाजली म्हणं."

म्हटलं, "अंक किती गेले मामा?"

"रोज जातात तेवढेच. उलट दोन उरले."

दुपारी जिल्ह्याच्या ऑफिसातून फोन आला. एका वजनदार माणसाची वाढदिवसाची अर्ध्या पानाची जाहिरात रद्द झाली होती. कारण सांगितलं नाही, विचारायची गरजही नव्हती. तुरटी दुसऱ्या आठवड्यात आली. जाहिरात आली नाही.

समीक्षकांचे गुण नऊ, शिल्लक खाली. क्रॅक केलेल्या कॉपीत खेळणाऱ्याला जे दिसलं, तेच त्या दिवशी मला स्टँडवर दिसलं. फरक इतकाच की मला गेम बंद करून झोपता येत नाही. आता ऑफिसात चर्चा सुरू आहे की आपल्या तालुक्याचं पान रोज ठेवायचं की आठवड्यातून दोनदा. निर्णय व्हायचाय.

यावर कायदा आहे का? आहे. मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, दैनिक जागरणचा ई-पेपर टेलिग्रामवर फुकट वाटणारे चॅनल काढून टाकण्याचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयानं दिला होता. पण मोठी वर्तमानपत्रं कोर्टात जाऊ शकतात. मी काय, कॉलेज ग्रुपच्या ॲडमिनवर केस करू? तो माझ्याच वर्गात होता.

आणि त्या खेळाडूंचा मुद्दा इथंही लागू आहेच. वरच्या वस्त्यांवर अंक पोचतच नाही. तिथले एक निवृत्त गुरुजी मोबाइलवर पान मोठं करून-करून वाचतात आणि शुद्धलेखनाची चूक काढून मला फोन करतात. त्यांना मी चोर म्हणू? ते माझे सगळ्यात चांगले वाचक आहेत. शेतमजुराच्या घरात महिन्याचं पेपरचं बिल परवडत नसेल तर त्यानं पीडीएफ वाचावी, खुशाल वाचावी. वर्तमानपत्रांनीही त्यांच्यासाठी स्वस्तात, मोबाइलवरून पाच-दहा रुपये भरून वाचता येईल अशी सोय करायला हवी. ती न करता नुसतं 'चोरी, चोरी' ओरडणं सोपं आहे. क्लुग बंधूंनी निदान गेमला कुलूप न लावता, माफक किमतीत विकून स्वतःच्या बाजूचं काम केलं होतं. आमच्या धंद्यातल्या लोकांनी तेवढंही केलेलं नाही, हे लिहून ठेवतो.

पण ज्या घरात दोन गाड्या आहेत, तीन मोबाइल आहेत आणि पेपर मात्र 'ग्रुपवर येतो की' म्हणून बंद केलाय, त्यांच्याशी मला बोलायचंय. तुम्हीच पोस्टखाली लिहिता की पत्रकार विकले गेले. दादा, विकत घेणारा कोण आहे ते तरी बघा. तुम्ही घेत नाही, म्हणून वाढदिवसवाला घेतो. त्यानं अर्धं पान घेतलं की उरलेल्या अर्ध्यात काय छापायचं नाही, हेही हळूहळू तोच ठरवतो. कुणी धमकी देत नाही, कुणी पाकीट देत नाही. फक्त एक फोन येतो की जाहिरात रद्द. पुढच्या वेळी तुरटीची बातमी लिहिताना वार्ताहराचा हात जरा थांबतो. तो थांबलेला हात तुम्हाला कधीच दिसत नाही, कारण न छापलेल्या बातमीची पीडीएफ नसते.

गेम डेव्ह टायकून पुढं मोबाइलवर आला, तेव्हा बनवणाऱ्यांनी एक छान गोष्ट केली. ती चोरीनं बुडवणारी आवृत्ती त्यांनी अवघड पातळी म्हणून त्यात ठेवून दिली. म्हणजे आता पैसे देऊन गेम घेतलेला खेळाडू स्वतःहून निवडू शकतो की मला त्या खुर्चीवर बसून बघायचंय. लोक ती निवडतात, हरतात, पुन्हा खेळतात. मला हे फार आवडलं. आपल्याकडेही अशी सोय हवी. एक दिवस ग्रुप ॲडमिननं तालुक्याचं पान काढून बघावं. एक दिवस मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात बसून, वर मागितलेली तुरटी वेळेवर का येत नाही, ते बघावं. मतं तीच राहतील कदाचित, पण बोलण्यातला जोर थोडा कमी होईल.

तोवर एकच विनंती. ज्याला परवडतं त्यानं कुठलाही एक पेपर विकत घ्या. माझाच घ्या असं नाही, जो पटतो तो घ्या. आपल्या तालुक्याची बातमी रोज छापणारा असला म्हणजे झालं. मामांकडे उद्या सकाळी दोन अंक उरू नयेत, एवढंच.

आणि हो, ही पोस्ट ज्या ग्रुपवर टाकायची त्या ग्रुपवर टाका. ही फुकटच आहे.